श्रीमंतांचा वारसा, गरिबांचे भंगार

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव लागते. सोयाबीन आणि तूर यांच्या शेतीवर जगणारे हे गाव. बाजाराच्या कोणत्याही मोठ्या गावात असतात तशी मोटारदुरुस्तीची दुकाने येथेही रस्त्याच्या कडेला आहेत. काळी-पिवळी जीप, मालवाहू ‘छोटा हत्ती’, ट्रॅक्टर, फटफटी ही या दुकानांची गिऱ्हाइके. अशा दुकानात दुपारच्या वेळी एखादा मिस्त्री हात पुसून घटकाभर बसतो आणि मोबाईलच्या पडद्यावर एका मोटारीची चित्रफीत पाहू लागतो. लांबलचक नाक, उघडे टप, दोनच माणसांची बैठक, चकाकणाऱ्या चाकांच्या आऱ्या. मोटार नव्वद वर्षांची आहे आणि लवकरच अमेरिकेत लिलावाला उभी राहणार आहे. भोवतीची पोरे तोंडात बोट घालून पाहत राहतात. त्यांपैकी कोणीही ती मोटार विकत घेणार नाही, कोणी तिला हातही लावणार नाही. पण त्यांचे कौतुक खरे असते.

या कौतुकाचे काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चळवळीतील काही कडवे कार्यकर्ते त्यावर चटकन उत्तर देऊन मोकळे होतात. सरंजामशाहीचे ते भंगार, त्याचे कौतुक कसले, असे म्हणून ते पोरांना दटावतात. याच्या उलट टोकाला शहरातील रसिक मंडळी आहेत. मोटार ही कला आहे, कलेपुढे राजकारण आणू नये, असा त्यांचा उपदेश असतो. दोघेही एकच चूक करतात. मोटार कोणी घडवली आणि तिचे पैसे कोणी भरले, हे दोन प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. पहिला घडविणाऱ्याचे हात विसरतो, दुसरा भरणाऱ्याचा खिसा विसरतो.

मराठी माणसाला या बाबतीत परक्या उदाहरणाकडे जाण्याची गरज नाही. इंदूरच्या होळकर घराण्याचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एक मोटार मागविली. त्या काळी अशा मोटारींचा कारखानदार केवळ सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घेई. यशवंतरावांच्या मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीने उघड्या टपाचा दोन बैठकींचा साज चढविला. आठ सिलिंडर एका ओळीत असलेले, हवा दाबून भरणारे यंत्र जोडलेले तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगत असे. नारिंगी आणि काळ्या रंगांत रंगलेली ती मोटार आज जगातील अत्यंत दुर्मिळ मोटारींत गणली जाते. ती भारतात नाही. अमेरिकेतील धनिक संग्राहकांच्या जगात ती पोहोचली, त्यालाही आता बराच काळ लोटला.

अशा मोटारीची किंमत आज काय होऊ शकते, याचा अंदाज तिच्या एका सख्ख्या भावंडावरून बांधता येतो. याच कंपनीची, याच १९३५ सालची, आखूड सांगाड्याची एक उघडी मोटार एके काळी गॅरी कूपर या चित्रपटनटाकडे होती. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे तिचा लिलाव झाला आणि ती २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. लिलावात विकल्या गेलेल्या अमेरिकन मोटारींत तोवर कोणत्याही मोटारीला एवढी किंमत आली नव्हती. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम सुमारे १५४ कोटी रुपये होते.

१५४ कोटी हा आकडा अनसिंगच्या भाषेत सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच वर्षीच्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९ रुपये ठरविला होता. शेतकऱ्याला तो पूर्ण मिळाला असे धरले, तरी त्या एका मोटारीसाठी सुमारे साडेचार लाख क्विंटल सोयाबीन तोलावे लागले असते. कोरडवाहू रानात एकरी साडेचार क्विंटल उतारा धरला तर एक लाख एकरांवरील अख्ख्या पावसाळ्याचे पीक. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणी यांचा खर्च वजा न करता. आणि याच २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव देऊन त्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील जे चार जिल्हे तीत आले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीम होता.

आणखी एक हिशेब मांडता येईल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला, तेव्हा जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. वाशीम त्या सहांत होता. मधल्या काळात रुपयाचे मोल घटले हे मान्य करूनही, अशा चोवीस-पंचवीस मोटारींच्या किमतीत सहा जिल्ह्यांच्या दुःखाची ती सारी तरतूद बसते. एखाद्या धनिकाच्या तळघरात चोवीस-पंचवीस मोटारी असणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

यावर रसिकांचे उत्तर ठरलेले आहे. मोटार विकत घेणारा आपले पैसे खर्च करतो, त्यात वऱ्हाडातील शेतकऱ्याचे काय गेले? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. लिलावाच्या बाजारात अशा मोटारीला जी किंमत येते, ती केवळ लोखंड, ॲल्युमिनियम आणि चामडे यांची नसते. ती मोटार पूर्वी कोणाकडे होती, या वंशावळीची ती किंमत असते. ‘अमुक महाराजांसाठी खास घडविलेली’ एवढे शब्द विक्रीच्या पुस्तिकेत छापले की बोलीचा आकडा चढतो. म्हणजे महाराजाचे नाव हाच मालाचा एक भाग होतो. मग त्या नावाची किंमत ज्यांच्या सारावसुलीतून उभी राहिली, त्यांचा उल्लेख त्या पुस्तिकेत का नसावा?

संस्थानी कारभारात राज्याचा खजिना कोठे संपतो आणि राजाचा खिसा कोठे सुरू होतो, ही रेषा बहुतेक ठिकाणी राजाच्या मर्जीने ओढली जाई. १९२७ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेची आणि ठिकठिकाणच्या प्रजामंडळांची एक जुनी मागणी हीच होती, की राजाचा खासगी खर्च राज्याच्या अंदाजपत्रकापासून वेगळा काढावा आणि त्याला मर्यादा घालावी. ही मागणी करणाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. त्यांनी ज्या खर्चावर बोट ठेवले, त्यातलीच एक-एक वस्तू आज लिलावाच्या मंचावर दिव्यांच्या झोतात फिरते आहे, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांना त्या प्रजामंडळांचे नावही ठाऊक नाही.

अनसिंगला या इतिहासात प्रेक्षक समजणे तर पूर्णपणे चुकीचे आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने राहील आणि त्याबद्दल निजामाला दरसाल २५ लाख रुपये मिळतील, असे त्यात ठरले. याचा अर्थ असा, की बाशीम तालुक्यातील कुणब्याने भरलेल्या शेतसाऱ्यावर दोन धनी बसले. इंग्रजाने वसूल करावा आणि त्यातला एक वाटा हैदराबादच्या नावे लिहावा. स्वातंत्र्यापर्यंतच्या पंचेचाळीस वर्षांचा कराराप्रमाणे हिशेब केला तर ही रक्कम सव्वाअकरा कोटींवर जाते, आणि ते रुपये त्या काळचे होते. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘वऱ्हाडचे युवराज’ ही पदवीही मिळाली. ज्या मुलखाच्या नावाने हे युवराज झाले, तो मुलूख चालविण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर नव्हती. निजाम मीर उस्मान अली खान यांच्यासाठी आलेली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस, जिच्या मागील भागात आसन नव्हे तर सिंहासन बसविले आहे, आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. तिच्या आयुष्यात ती फारच थोडी धावली. ती मोटार आणि अनसिंगचा शेतसारा यांची पावतीला पावती जोडून दाखविता येणार नाही. खजिन्यात पडलेला रुपया आपल्या गावाचे नाव सांगत नसतो. पण त्या खजिन्यात वऱ्हाडचा रुपया होता, एवढे करारानेच सांगितले आहे. तेव्हा अनसिंगचा एखादा पोरगा अशी मोटार पाहून हरखतो, तेव्हा तो परक्याचे वैभव पाहत असतो असे मुळीच नाही.

१९६३ साली राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला, तेव्हाही अनेक सुसंस्कृत माणसांना तो असभ्य वाटला होता. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात, असे त्यांचे म्हणणे होते. आकड्यांवर वाद झाला, तो व्हावयासही हवा होता. पण दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची जी सवय त्या वादाने लावली, ती मोलाची आहे. मोटारीची बोली आणि सोयाबीनचा भाव हे दोन आकडे एकाच पानावर छापले जात नाहीत, म्हणून तर दोन्ही स्वाभाविक वाटतात.

आता घडविणाऱ्या हातांकडे वळले पाहिजे, कारण कडव्या कार्यकर्त्याची चूक येथे आहे. ड्यूसेनबर्ग हे नाव कोणा सरदाराचे नव्हे. फ्रेडरिक आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या एका कुटुंबातील. त्यांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. सायकली बनविण्यापासून सुरुवात करून, हाताने करीत-करीत ते शिकले. अनसिंगचा मिस्त्री ज्या शाळेत शिकला तीच ही शाळा. गर्नी नटिंगसारख्या पेढीत मोटारीचा साज चढविणारे कामगार लाकडाचा सांगाडा जोडीत, त्यावर पत्रा हाताने ठोकून, रुळाखाली फिरवून त्याला बाक देत. उघड्या टपाची मोटार घडविणे तर अधिक अवघड. छप्पर हे मोटारीच्या अंगाला ताठपणा देते. ते काढले की खालच्या सांगाड्याने तो सारा ताण सोसावा लागतो, नाही तर खड्ड्यातून जाताना दारे कुरकुरू लागतात. घडीचे टप असे बसवावे लागते की ते मिटले असता दिसू नये आणि उघडले असता गळू नये. हे सारे ज्यांनी साधले, त्यांची नावे विक्रीच्या पुस्तिकेत नसतात. पेढीचे नाव असते, फार तर आराखडा काढणाऱ्याचे असते. पत्रा ठोकणाराचे नसते.

म्हणून मिस्त्रीच्या कौतुकाला सरंजामी म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. तो महाराजाला मुजरा करीत नसतो. पत्र्याचा तो बाक कसा आणला असेल, सांधा कोठे लपविला असेल, हे तो पाहत असतो. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद असते. समाजवादी चळवळीला सुंदर वस्तूंचे वैर नाही. सुंदर वस्तू मूठभरांच्या कुलपात राहतात आणि त्या घडविणारे अनाम राहतात, याच्याशी तिचे वैर आहे. हा भेद ज्याला करता येत नाही, त्याने गॅरेजातील पोरांना उपदेश करू नये.

परंतु कौतुकाचा प्रश्न येथेच संपत नाही. उलट त्याचा सर्वांत बोचरा भाग पुढे आहे. जुन्या मोटारीचे कौतुक आता केवळ रसिकांच्या गप्पांत राहिलेले नाही, ते कायद्यात उतरले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांचा वेगळा वर्ग निर्माण केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली वाहने या वर्गात येतात. त्यांच्यासाठी खास अक्षरांची पाटी आहे. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि फेरनोंदणीस ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षे चालते. प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती अशा कामांसाठी ती रस्त्यावर आणता येतात.

त्याच सरकारने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांचे दर अनेक पटींनी वाढविले. पंधरा वर्षांपुढील व्यावसायिक वाहनाच्या पासिंगला तीनचाकीस ३,५०० रुपये, जड वाहनास १२,५०० रुपये आणि हलक्या वाहनास या दोहोंच्या दरम्यान असे हे दर तेव्हा ठरले. जुन्या व्यावसायिक वाहनाला पासिंग दरसाल करून घ्यावे लागते. अनसिंगहून वाशीमला प्रवासी नेणाऱ्या जुन्या काळी-पिवळीच्या मालकाला त्या दराने दहा वर्षांत संग्राहकाहून कितीतरी अधिक रुपये भरावे लागले असते. संग्राहकाच्या मोटारीला तेवढ्याच दहा वर्षांसाठी २०,००० रुपये, आणि पुढे फेरनोंदणीस ५,०००. ज्या वाहनावर एका घराची चूल पेटते त्याला दंड, आणि जे वर्षातून दोनदा फेरीला निघते त्याला मान. श्रीमंतांची जुनी वस्तू हा वारसा ठरतो, गरिबांची जुनी वस्तू भंगार ठरते. वय दोघांनाही आहे. फरक मालकाच्या ऐपतीत आहे.

जुनी वाहने धूर ओकतात, त्यांचे ब्रेक निकामी होतात, माणसे मरतात, हे खरे आहे. प्रवाशांनी कोंबलेल्या खिळखिळ्या जिपेचे समर्थन कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पासिंग कडक असावे, याविषयी दुमत नाही. परंतु पैसे वाढविल्याने ब्रेक सुधारत नाही. गरिबाने जुने वाहन टाकावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी नवे वाहन घेण्यासाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावोगाव पुरेशा एस.टी. गाड्या सोडाव्यात, म्हणजे माणसे जिपेला लटकणार नाहीत. यातले काहीच न करता केवळ शुल्क वाढविणे म्हणजे ज्याच्याजवळ कमी आहे त्याच्याकडूनच अधिक घेणे होय.

वारसा या शब्दाचा हा पक्षपात पाहण्यासाठी वाशीम जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. जिल्ह्यातील कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी एक अरुंद रुळांची आगगाडी धावत असे. दुसरी वाट मूर्तिजापुराहून अचलपूरला जाई. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. किलिक निक्सन या विलायती पेढीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी हा मार्ग बांधला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढीत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले. ज्या मोटारीला लिलावात १५४ कोटी मिळाले, तिच्याहून हे इंजिन चौदा वर्षांनी वडील. त्या मोटारीने दोन माणसे वाहिली. या इंजिनाने तीन पिढ्यांचा कापूस, बाजारहाट करणाऱ्या बाया आणि शाळेची मुले वाहिली. गाडी टप्प्याटप्प्याने बंद पडली. रूळ गवतात बुडाले, स्थानके ओस पडली. लोकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. त्या रुळांवरून धावलेल्या डब्यांसाठी पेबल बीचला कोणी बोली लावली नाही. त्यांच्या वंशावळीत महाराज नव्हता, एवढाच त्यांचा दोष.

मग होळकरांच्या मोटारीसारख्या वस्तूंचे काय व्हावे? त्या वितळवून टाकाव्यात, असे म्हणणे अडाणीपणाचे आहे. परदेशी धनिकांच्या हाती त्या जाऊ द्याव्यात, हेही मान्य होण्यासारखे नाही. १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर भारत सरकारने निर्बंध घातले. पण तोवर अनेक उत्तम मोटारी गेल्या होत्या. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याची कथा बोधप्रद आहे. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने यशवंतरावांसाठी तो बांधला, आणि युरोपातील नामांकित कलावंतांनी घडविलेल्या वस्तूंनी तो सजला. १९८० साली त्या राजवाड्यातील सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि खुर्च्या, दिवे, मेजे जगभर विखुरली. राजवाड्यात आता केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. म्हणजे ज्या प्रजेच्या पैशांतून ते उभे राहिले, तिच्या वाट्याला भिंती आल्या आणि भिंतींतले सारे बाजारात गेले.

दुसरा मार्ग आहे, आणि त्याची खूण महाराष्ट्रातच सापडते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात येते. सोने लुटण्यासाठी जमलेले हजारो लोक ती पाहतात; लहान पोरे बापाच्या खांद्यावर बसून पाहतात. तेथेही राजेपणाचा थाट आहेच, आणि समाजवाद्याने त्यावर टीका करावी. परंतु ती मोटार वर्षातून एक दिवस तरी लोकांची होते, तिला पाहण्यासाठी बोली लावावी लागत नाही. हा एक दिवस वर्षभराचा व्हावा, एवढीच मागणी आहे.

ती मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. संस्थानांच्या काळातील ज्या मोटारी अजून देशात आहेत, त्यांची शासनाने सार्वजनिक यादी करावी. त्यांपैकी जी मोटार विक्रीस निघेल, तिच्यावर पहिला हक्क सार्वजनिक संग्रहालयाचा असावा, आणि तिची किंमत ठरविताना महाराजाच्या नावाचे पैसे धरले जाऊ नयेत. संग्रहालयात तिच्याशेजारी जी पाटी लागेल, तीवर घडविणाऱ्यांची माहिती, त्या सालचे संस्थानाचे उत्पन्न आणि शाळा-दवाखान्यांवरील खर्च लिहिला जावा. ‘शकुंतले’चे जे अवशेष उरले आहेत, ते भंगाराच्या भावाने न फुंकता त्याच मुलखात जतन व्हावेत. आणि पन्नास वर्षांच्या मोटारीला जी सवलत मिळते, तीहून कमी सवलत पोटासाठी धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या जिपेला देऊ नये.

१९७१ साली घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब संपले. त्या लढ्यात समाजवादी आघाडीवर होते. परंतु जे मानमरातब संसदेने काढून घेतले, ते बाजाराने मागील दाराने परत दिले आहेत. आज एखाद्या राजाच्या नावापुढे सरकार ‘हिज हायनेस’ लिहीत नाही. लिलावाची पुस्तिका लिहिते, आणि त्याबद्दल डॉलर मोजून घेते. तनख्याविरुद्धची लढाई कायद्याने जिंकता आली. ही लढाई माणसांच्या नजरेत आहे, म्हणून ती अधिक चिवट आहे.

ती लढण्याची जागा अनसिंगच्या गॅरेजातच आहे. मिस्त्रीच्या हातातील मोबाईल हिसकावून घेण्याने ती जिंकली जाणार नाही. कार्यकर्त्याने त्याच्याजवळ बसावे, ती चित्रफीत त्याच्याबरोबर पुरती पाहावी, पत्र्याचा बाक कसा आणतात ते त्याच्याकडून समजून घ्यावे. मग वऱ्हाडच्या पंचवीस लाखांची गोष्ट त्याला सांगावी आणि दारात उभ्या असलेल्या जिपेच्या पासिंगचे कागद मागून घ्यावेत. दोन्ही मोटारींचा हिशेब एका कागदावर मांडला की पुढचे प्रश्न तो मिस्त्री स्वतःच विचारू लागेल.